सात आठवड्यांची शांतता आणि अकरा दिवसांचा अबोला : अंतःकरणाच्या पालटाविषयी एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण मी त्या कुटुंबाच्या संमतीने लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. घटनांचा क्रम मात्र जसाच्या तसा ठेवला आहे, कारण या प्रकरणात सगळे महत्त्व क्रमालाच आहे. ख्रिस्ती मंडळीचा (चर्चचा) पाळक म्हणून माझ्या हातून जी चूक झाली तीही मी गाळलेली नाही. तशी चूक मंडळ्यांमधून नेहमी होते आणि ती चांगल्या हेतूने होत असल्यामुळे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

प्रकरण कसे समोर आले

एका रविवारी उपासना संपल्यावर सगळे पांगेपर्यंत एक गृहस्थ मागच्या बाकावर बसून राहिले. वय ४५ च्या पुढे, मंडळीचे हिशेब कित्येक वर्षे चोख सांभाळणारे, प्रार्थनासभा सहसा न चुकवणारे. जवळ येऊन ते म्हणाले, “पाळकसाहेब, माझ्या रागाचं काहीतरी करायला हवं. मुलगा मला घाबरतो.”

मुलगा १४ वर्षांचा. वडिलांची चाहूल लागली की तो आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेत असे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होते. पण मुले या वयात दार लावूनच बसतात, असे म्हणून ते सोडून दिले जात होते. त्या आठवड्यात हे गृहस्थ नेहमीपेक्षा लवकर घरी आले आणि आत पाऊल टाकताच त्यांना मुलाचा हात दिसला. दाराची मूठ पुरती फिरवून धरलेली, दार चौकटीला टेकेपर्यंत तशीच धरून ठेवलेली आणि मग कडीचा आवाज होणार नाही अशा बेताने हळूहळू सोडलेली. “इतकी काळजी घेऊन दार लावायला तो कधी शिकला असेल?” असे त्यांनी मला विचारले आणि बराच वेळ ते पुढे बोलू शकले नाहीत.

त्यांचा राग शब्दांचा होता. आवाज चढायचा, टेबलावर मूठ आपटायची, तीन वर्षांपूर्वीच्या चुका तारखांसह बाहेर निघायच्या आणि हे सगळे अर्धा-पाऊण तास चालायचे. अशा प्रकरणात मी पहिली भेट पतीशी घेत नाही. माझ्या पत्नीच्या उपस्थितीत मी त्यांच्या पत्नीशी स्वतंत्रपणे बोललो आणि आडपडदा न ठेवता विचारले, की हात उगारला जातो का, मुलाला मारले जाते का. उत्तर ‘नाही’ असे होते, आणि काही दिवसांनी पुन्हा विचारल्यावरही तेच मिळाले. ते ‘हो’ असे असते तर हे प्रकरण निराळ्या रीतीने हाताळावे लागले असते : आधी त्या दोघांची सुरक्षितता, गरज पडल्यास कायद्याची मदत, आणि अंतःकरणाची चर्चा त्यानंतर. नवऱ्याचे अंतःकरण पालटण्याची वाट पाहत पत्नीने मार खात राहावे, असे पवित्र शास्त्र (बायबल) सांगत नाही. तसे सांगणारा पाळक वचनाचा दुरुपयोग करतो, असे माझे स्पष्ट मत आहे. झोप आणि रक्तदाब यांची तपासणीही मी करून घ्यायला सांगितली. डॉक्टरांना उपचार करावा असे काही आढळले नाही.

माझा पहिला उपाय आणि त्याचे यश

मी त्यांना काही नियम घालून दिले. आवाज चढतो आहे असे वाटताच खोलीतून बाहेर जायचे. दहा मिनिटांनी परत यायचे. जुन्या चुका काढायच्या नाहीत. ‘मृदू उत्तराने क्रोध शमतो’ या आशयाचे नीतिसूत्रे १५:१ हे वचन रोज सकाळी म्हणायचे. आणि एका वहीत प्रत्येक दिवसापुढे, तो दिवस शांततेत गेला असेल तर बरोबरची खूण आणि न गेल्यास फुली करायची. दर शनिवारी ते मला फोन करून आठवड्याचा निकाल सांगत.

ती वही मी नंतर पाहिली. पट्टीने आखलेली, तारखा एका ओळीत, आणि प्रत्येक आठवड्याखाली दुहेरी रेघ मारून बेरीज लिहिलेली. पहिल्या दोन आठवड्यांत तीन फुल्या होत्या, पुढचे पाच आठवडे एकही नव्हती. मला मनापासून आनंद झाला. सातव्या आठवड्यानंतरच्या प्रार्थनासभेत त्यांनी साक्ष द्यावी, म्हणजे देवाने आपल्यात केलेला पालट सर्वांसमोर सांगावा, असे मीच सुचवले.

त्यांनी साक्ष चांगली दिली. आपण कसे होतो, घरचे कसे घाबरत आणि देवाने आपली जीभ कशी पालटली, हे सांगताना त्यांचा आवाज भरून आला. लोकांनी ‘आमेन’ म्हटले. एका वयोवृद्ध सभासदांनी येऊन त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. मुलगा तिसऱ्या रांगेत आईशेजारी बसला होता. ‘देवाने माझी जीभ पालटली’ हे वाक्य आले तेव्हा त्याने आईकडे पाहिले आणि तो किंचित हसला. वडिलांनी ते पाहिले.

त्या रात्री घरी आरडाओरडा झाला नाही. दुसऱ्या दिवशीही झाला नाही. त्यांनी मुलाशी बोलणे बंद केले. ताटावर बसल्यावर त्याच्याकडे पाहायचे नाही, त्याने काही विचारले तर उत्तर पत्नीकडे पाहून द्यायचे, तो खोलीत आला की वर्तमानपत्राचे पान उलटायचे. असे अकरा दिवस चालले.

वहीत त्या अकराही दिवसांपुढे बरोबरची खूण आहे.

पत्नीने मला फोन केला तेव्हा ती जे म्हणाली ते मी त्याच रात्री लिहून ठेवले : “हे ओरडायचे तेव्हा निदान कधीतरी थांबायचे. आता घरात काही थांबतच नाही.”

नियम मोडला नव्हता

हे वाक्य ऐकल्यावर मला माझी चूक दिसू लागली. त्या गृहस्थांनी मी घालून दिलेला एकही नियम मोडला नव्हता. आवाज चढला नव्हता, जुन्या चुका निघाल्या नव्हत्या. मी जिभेला कुंपण घातले होते आणि जे काही आत होते त्याने कुंपण नसलेली वाट शोधली होती. शनिवारच्या फोनवर त्यांनी मला ‘सातपैकी सात’ असे सांगितले, तेव्हा ते खोटे बोलत नव्हते. त्यांचा स्वतःचा तसा प्रामाणिक समज होता.

मत्तय १२:४३-४५ मध्ये प्रभू येशूने सांगितलेला दृष्टान्त मी कित्येकदा वाचला आहे, त्यावर उपदेशही केला आहे. अशुद्ध आत्मा माणसातून निघून जातो, काही काळाने परत येतो, तेव्हा त्याला ते घर झाडलेले, नीटनेटके केलेले आणि रिकामे आढळते. मग तो स्वतःपेक्षा वाईट असे आणखी सात आत्मे घेऊन येतो आणि त्या माणसाची शेवटली दशा पहिलीपेक्षा वाईट होते. या दृष्टान्तातला ‘रिकामे’ हा शब्द मी आजवर घाईने ओलांडून गेलो होतो. घर झाडण्यात काही वाईट नाही. पण झाडलेल्या घरात कुणी राहायला आले नसेल, तर झाडणे म्हणजे आधीच्याच भाडेकरूसाठी घर सजवून ठेवणे होय. आम्ही सात आठवडे झाडत होतो.

येथे ‘अंतःकरण’ या शब्दाविषयी थोडे लिहिणे भाग आहे, कारण आपल्या बोलण्यात अंतःकरण म्हणजे भावना आणि बुद्धी म्हणजे विचार अशी वाटणी झालेली आहे. जुन्या कराराच्या इब्री भाषेतल्या ‘लेव’ या शब्दात ती वाटणी नाही. पवित्र शास्त्रातले अंतःकरण विचार करते, बेत आखते, आठवते, निर्णय घेते, कशावर तरी भाव ठेवते आणि कशाची तरी भक्ती करते. म्हणून नीतिसूत्रे ४:२३ मध्ये सर्व रक्षणीय वस्तूंपेक्षा अंतःकरणाचे रक्षण करायला सांगितले आहे, कारण जीवनाचा उगम तेथे आहे. मार्क ७ मध्ये हात न धुता जेवण्यावरून वाद झाला, तेव्हा प्रभूने हाच उगम दाखवला : बाहेरून पोटात जाणारे माणसाला भ्रष्ट करत नाही, आतून निघणारे करते. तेथे दिलेल्या यादीत जारकर्म, चोरी, खून यांच्यासारखी उघड पापे आहेत आणि शेवटाकडे अहंकार आहे. खुनाच्या यादीत अहंकार कसा, असा प्रश्न मला तरुणपणी पडत असे. या प्रकरणानंतर पडत नाही.

मूळ शोधताना

पुढच्या भेटींत मी ‘काय झाले’ हा प्रश्न बाजूला ठेवला. याकोबाच्या पत्राचा चौथा अध्याय भांडणांचे कारण विचारतो आणि उत्तर देतो, की ती तुमच्या आत लढणाऱ्या वासनांतून उद्भवतात. तुम्हाला काही हवे असते आणि ते मिळत नाही. म्हणून मी विचारले, “त्या क्षणी तुम्हाला काय हवं होतं, जे मिळालं नाही?”

पहिली उत्तरे अपेक्षित होती. मुलाला शिस्त लागावी, त्याचे भले व्हावे, घरात आदर असावा. ती खोटी नव्हती. पण त्या उत्तरांवर थांबलो असतो तर आम्ही फिरून नियमांकडेच आलो असतो. मग त्यांना जे पाच प्रसंग सर्वांत स्पष्ट आठवत होते ते आम्ही कागदावर मांडले. मुलाने पाहुण्यांसमोर उलट उत्तर दिले तो दिवस. शिक्षकांनी इतर पालकांदेखत मुलाचे कमी गुण वाचून दाखवले तो दिवस. पत्नीने आपल्या भावासमोर त्यांचे एक वाक्य दुरुस्त केले ती संध्याकाळ. मंडळीच्या कार्यकारिणीत हिशेबातल्या एका आकड्याविषयी विचारणा झाली ती रात्र, जिचा मुलाशी काही संबंध नसताना तिचा सगळा भार मुलावर पडला होता. आणि साक्षीचा दिवस. मी प्रत्येक प्रसंगापुढे एक रकाना जास्तीचा आखला आणि विचारले, “त्या वेळी तिथे आणखी कोण होतं?”

पाचही रकाने भरले. एकही प्रसंग असा नव्हता की ज्याला कुणी बाहेरचा साक्षीदार नव्हता.

पत्नी त्या भेटीला हजर होती. ती म्हणाली, “एकदा मध्यरात्री मुलाच्या हातून काचेचा मोठा जार फुटला होता. घरात आम्हीच तिघं. मला वाटलं, आता काही खरं नाही. पण यांनी बॅटरी आणली, जमिनीलगत आडवी धरली, म्हणजे काचेचा कण न् कण चमकतो, आणि एकेक तुकडा स्वतः वेचला. त्याला म्हणाले, तू पलंगावरून खाली उतरू नकोस, पायात जाईल.” तिने ही आठवण तक्रार म्हणून सांगितली नव्हती, पण तिचे बोलणे संपल्यावर ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे मला त्याच्या चुकीचा राग येत नाही. लोकांनी पाहिलं याचा येतो.”

हे निदान त्यांनी स्वतः केले, आणि ते तसेच व्हायला हवे होते. आपल्या चुकीच्या वागण्याचे मूळ दुसऱ्याने सांगितले तर माणूस बहुधा वाद घालतो किंवा मुकाट्याने मान्य करतो, आणि दोन्हींचा उपयोग नसतो.

शौलाचे वाक्य

मी त्यांना शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा १५ वा अध्याय वाचायला सांगितला. अमालेक्यांविरुद्धच्या स्वारीत शौल राजाने देवाची आज्ञा अर्धवट पाळली. अगाग राजाला आणि उत्तम उत्तम मेंढरांना व गुरांना वाचवून ठेवले. त्या अध्यायात तीन जागा अशा आहेत की त्या एकत्र वाचल्याशिवाय शौलाचे अंतःकरण दिसत नाही. बाराव्या वचनात शमुवेल संदेष्ट्याला कळते, की शौलाने स्वतःसाठी स्मारक उभारले आहे. चोविसाव्या वचनात शौल म्हणतो, मी पाप केले, कारण मी लोकांना भ्यालो आणि त्यांचे ऐकले. आणि तिसाव्या वचनात पुन्हा म्हणतो, मी पाप केले आहे, तरी आता माझ्या लोकांच्या वडील जनांसमोर आणि इस्राएलासमोर माझा मान राख.

‘मी पाप केले’ हे शब्द त्याच्या तोंडी दोनदा आहेत. शौलानंतर राजा झालेला दावीदही, त्याचे पाप दाखवून देणाऱ्या नाथान संदेष्ट्यासमोर तेच म्हणतो. शब्दांवरून दोघांच्या पश्चात्तापातला फरक सांगता येत नाही. शौलाची कबुली पुढच्याच श्वासात मान मागते; दावीदाच्या नावाने असलेले ५१ वे स्तोत्र मात्र देवापुढे उघडे पडायला तयार होते आणि माझ्या ठायी शुद्ध हृदय उत्पन्न कर, अशी विनवणी करते. ते गृहस्थ तिसावे वचन मोठ्याने वाचून थांबले, पुन्हा वाचले आणि म्हणाले, “पाळकसाहेब, त्या दिवशी मी साक्ष दिली, ती हीच.”

मला त्यांना सांगावे लागले, की ते स्मारक मी उभारायला लावले होते. ज्या माणसाचा रोग लोकांच्या नजरेची भूक हा होता, त्याला मी औषध म्हणून लोकांसमोर उभे केले. राग आवरल्याबद्दल त्यांना जे मिळाले ते तेच होते, ज्याच्या अभावी त्यांना राग येत असे. म्हणजे सात आठवड्यांचा संयमही त्याच मुळावर वाढलेला होता. आणि मुलाचे ते किंचित हसणे त्या मुळावरच पडले. चौथ्या-पाचव्या शतकातले बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) यांनी आपल्या आत्मनिवेदनात लिहून ठेवले आहे, की माणूस पोकळ कीर्तीचा तिरस्कार करण्यातही पोकळ कीर्ती मिरवतो. सोळाशे वर्षांपूर्वी लिहिलेले हे वाक्य मला ठाऊक होते, आणि तरीही मी त्या गृहस्थांची वही पाहून खूश झालो.

नुसते ओळखून पालट होत नाही

मूळ सापडले म्हणजे काम झाले असे नाही. येथे एक मोह असतो : ‘लोकांच्या मताची पर्वा करायची नाही’ असा नवा नियम करावा आणि वहीत नवे रकाने आखावेत. त्यांनी तसे सुचवलेही. मी नको म्हणालो. ज्याला लोकांच्या मानाची भूक आहे तो ‘मला मानाची पर्वा नाही’ याचाही मान मिळवू शकतो.

५१ व्या स्तोत्रातल्या ‘उत्पन्न कर’ या शब्दासाठी मूळ इब्रीत ‘बारा’ हे क्रियापद आहे, आणि उत्पत्तीच्या पहिल्याच वचनात देवाने आकाश व पृथ्वी उत्पन्न केली तेथेही तेच आहे. दावीद डागडुजी मागत नाही. यहेज्केल ३६:२६ मध्येही देव स्वतः म्हणतो, की मी तुम्हाला नवे हृदय देईन, पाषाणमय हृदय काढून मांसमय हृदय देईन. कर्ता देव आहे. मग माणसाने हात बांधून बसायचे का? मला तसे वाटत नाही. मार्टिन लूथर यांच्या १५१७ च्या ९५ सिद्धान्तांपैकी पहिलाच सांगतो, की प्रभूने पश्चात्ताप करा म्हटले तेव्हा विश्वासणाऱ्यांचे सगळे आयुष्यच पश्चात्तापाचे असावे असे त्याच्या मनात होते. माणसाने करायचे ते एवढेच, की आपली भूक कोणत्या दारात उभी असते हे देवापुढे पुन्हा पुन्हा कबूल करायचे आणि दुसऱ्या दाराकडे वळायचे.

ते दुसरे दार त्यांना कुठे सापडले, हे मी ठरवून दिले नव्हते. आम्ही मत्तयाचे शुभवर्तमान सुरुवातीपासून वाचत होतो. तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी येशूचा बाप्तिस्मा होतो आणि आकाशातून वाणी होते, की हा माझा पुत्र, मला परमप्रिय आहे, याच्याविषयी मी संतुष्ट आहे. मी सहज म्हणालो, की तोपर्यंत या शुभवर्तमानात येशूने एकही उपदेश केलेला नाही, एकही रोगी बरा केलेला नाही. त्यांनी पुस्तक मिटले. त्यांचे वडील पाहुणे आले की त्यांना उभे करून स्तोत्र पाठ म्हणायला लावत आणि न अडखळता म्हटले तरच डोक्यावरून हात फिरवत, हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितले. “पाहुणे नसताना त्यांनी कधी हात फिरवलेला मला आठवत नाही.” त्या दिवशी आम्ही पुढे वाचले नाही.

बालपणातली ही आठवण म्हणजे त्यांच्या वागण्याची सबब नव्हे आणि त्यांनीही ती तशी वापरली नाही. पण ती भूक केव्हापासूनची आहे हे तिने दाखवले, आणि देवाची कृपा नेमकी कशाची भरपाई करते हेही. जक्कय या जकातदाराच्या गोष्टीतला क्रम असाच आहे. लूक १९ मध्ये लबाडीने घेतलेले चौपट परत करण्याचा शब्द तो देतो खरा, पण येशूने त्याला नावाने हाक मारून, मी आज तुझ्या घरी उतरणार, असे गर्दीदेखत सांगितल्यानंतर. स्वीकार आधी आणि भरपाई नंतर, हा क्रम उलटा केला की धर्म वहीत उतरतो.

यानंतर मी त्यांना एकच गोष्ट करायला सांगितली, ती मत्तय ६ वरून. आठवड्यातून एक चांगले काम असे करायचे की ते एकांतात पाहणाऱ्या पित्याशिवाय कुणालाही कळणार नाही. पत्नीला नाही, मुलाला नाही आणि मलाही नाही. राग आवरण्यापेक्षा हे त्यांना कितीतरी जड गेले. पुढच्या शनिवारी बोलता बोलता तीनदा त्यांचे वाक्य ओठांवर येऊन थांबले, हे मला फोनवरही कळले. मी विचारले नाही. ती कामे कोणती होती हे मला आजही ठाऊक नाही.

मुलाच्या दाराशी

मुलाची माफी मागायची, हे त्यांनीच ठरवले. आधी चिठ्ठी लिहून त्यांनी ती मला दाखवली. चांगली होती, पण तिच्यात एक ‘पण’ होता, आणि शेवटी ‘मला माफ करशील ना?’ असे वाक्य होते. पहिल्याविषयी मला काही बोलावे लागले नाही. त्यांनी स्वतःच तो खोडला. दुसऱ्याविषयी मी म्हणालो, की चौदा वर्षांच्या मुलासमोर उभे राहून त्या क्षणी माफी मागितली तर तो ‘हो’ म्हणणारच, कारण ‘नाही’ म्हणण्याची त्याला भीती वाटेल. मग तुमच्या कबुलीतून तुम्हाला पुन्हा काहीतरी मिळेल आणि त्याला काहीच मिळणार नाही. चिठ्ठी त्यांनी दिलीच नाही. दारावर टकटक केले, त्याने उघडेपर्यंत थांबले आणि उंबरठ्याबाहेरूनच म्हणाले, “साक्षीच्या दिवशी तू हसलास ते बरोबर होतं. नंतर मी तुझ्याशी बोललो नाही, ती मी तुला दिलेली शिक्षा होती, आणि वहीत मी तिला शांतता म्हणून लिहिलं. मी चुकलो. तुला काही म्हणायची गरज नाही.”

मुलगा “बरं” म्हणाला आणि त्याने दार लावून घेतले.

प्रार्थनासभेत पुन्हा उभे राहून साक्ष मागे घ्यावी का, असे त्यांनी विचारले. मी तसे करू दिले नाही. उभे राहण्याची ती आणखी एक संधी झाली असती. त्याऐवजी पुढच्या सभेत मी लोकांना सांगितले, की एका बंधूला साक्ष द्यायला सांगण्यात मी घाई केली होती आणि ती चूक माझी आहे.

पुढील महिने

साधारण चौथ्या महिन्यात ते पुन्हा ओरडले, आणि मोठ्याने ओरडले. मी ही नोंद मुद्दाम करत आहे, कारण अंतःकरण पालटले म्हणजे वागणे एका रात्रीत पालटते अशी समजूत पुष्कळांना निराश करते. फरक इतकाच होता, की त्या रात्री झोपण्यापूर्वी ते मुलाच्या खोलीशी गेले. पूर्वी ते कधीच जात नसत. खोलीतून बाहेर जाण्याचा नियम त्यांनी आजही ठेवला आहे, आणि तो ठेवावा असे मीही सांगितले. बाह्य शिस्तीचा मी शत्रू नाही. रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय आपले अवयव नीतिमत्त्वाची साधने म्हणून देवाला समर्पण करायला सांगतो, आणि हातापायांना लागलेली सवय मनालाही वळण लावते हे खरेच आहे. माझे म्हणणे इतकेच, की आम्ही शिस्त मुळाच्या जागी लावली होती, म्हणून तिला फळ यावे अशी अपेक्षा करत बसलो.

त्याच सुमारास कार्यकारिणीच्या बैठकीत त्यांच्या हिशेबात बेरजेची एक चूक निघाली, आणि ती सर्वांत तरुण सभासदाने काढली. मी त्यांच्याकडे पाहायचे टाळले. त्यांनी कागद जवळ ओढला, पेन्सिलने आकडा दुरुस्त केला आणि म्हणाले, “बरोबर आहे तुझं. चूक माझी.” पुढचा विषय सुरू झाला. त्या रात्रीविषयी पत्नीने नंतर सांगितले, की बैठकीतले तिला कुणाकडून तरी आधीच कळले होते, म्हणून मुलाला लवकर जेवायला घालून ती वाट पाहत बसली. हे आले, जेवले, झोपले. “मला मात्र रात्री कितीतरी वेळ झोप लागली नाही,” ती म्हणाली. इतक्या वर्षांची भीती घरातून जायला वेळ लागतो, आणि तो वेळ नवऱ्याच्या पालटाच्या वेगाने ठरत नाही. म्हणून तिच्याशी माझ्या पत्नीच्या भेटी आजही चालू आहेत.

मुलाने अजून माफ केले असे म्हटलेले नाही, आणि वडिलांनी विचारलेले नाही. तो अजूनही वडील आले की बहुधा आपल्या खोलीत जातो. मात्र अलीकडे तो दार ढकलून देतो आणि ते खाडकन लागते. घरभर आवाज होतो. हे सांगताना त्याची आई हसत होती.